नगरचे पाणी, व्हेनिसचे सोने

मार्च १५०८. रेवदंड्याच्या खाडीतून एक पोर्तुगीज जहाज खुल्या समुद्राकडे निसटायला धडपडत होते. तळाशी गोळा लागून आत पाणी शिरत होते, आणि प्रवाहाबरोबर ओढले जाता जाता ते कोळ्यांनी जाळ्यांसाठी रोवलेल्या खुंटांत अडकले. जहाजावरचा कप्तान दों लोरेन्सो दि आल्मेदा हा पहिल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा. पायाला गोळा लागल्यावर त्याने स्वतःला डोलकाठीपाशी बसवून घेतले आणि तिथूनच हुकूम देत राहिला, असे पोर्तुगीज बखरकार सांगतात. थोड्याच वेळात तो मारला गेला. हिंदी महासागरात उतरल्यापासून पोर्तुगिजांना बसलेला हा पहिला मोठा फटका.

त्याला गाठणारी दोन आरमारे होती. एक दीवच्या मलिक अय्याझचे, गुजरातच्या सुलतानाच्या बाजूचे. दुसरे सुएझहून दोन-अडीच वर्षांपूर्वी निघालेले, कैरोच्या मामलुक सुलतानाचे, अमीर हुसेन या कुर्दी सरदाराच्या हाताखालचे. बंदर मात्र या दोघांपैकी कुणाचेच नव्हते. या खाडीवरचे चौल होते अहमद निजामशहाचे. घाटावर, सीना नदीच्या काठी, त्याने वसवलेल्या नव्या शहराला, अहमदनगरला, तेव्हा जेमतेम चौदा वर्षे झाली होती.

या सगळ्या गोंधळात आणखी एका शहराचा जीव अडकला होता. खाडीत त्याचे एकही निशाण फडकत नव्हते, तरी निकालाची वाट पाहण्यात ते कुणाच्या मागे नव्हते. ते शहर म्हणजे व्हेनिस.

आपल्याकडे व्हेनिसचे नाव निघते ते बहुधा उपमा म्हणून. चार पूल आणि दोन कालवे दिसले की ते गाव ‘पूर्वेचे व्हेनिस’ होते. अलेप्पी झाले, उदयपूर झाले, आणि अतिवृष्टीच्या दिवशी तर मुंबईचे प्रत्येक उपनगर होते. नगरला कुणी तसे म्हटलेले माझ्या ऐकिवात नाही, आणि म्हणू नये हेच बरे. पर्जन्यछायेतला प्रदेश, वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, नदी म्हणावी तर सीना, आणि ती उन्हाळ्यात कोरडी ठाक. साम्य शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. पण साम्य नसले तरी संबंध होता. तो उपमेचा नव्हता, सोन्या-तांब्याचा होता, आणि चौलमार्गे होता.

आधी व्हेनिसची अडचण सांगायला हवी. सरोवरातल्या चिखलात लाकडी खुंट ठोकून त्यावर उभे राहिलेल्या त्या शहरात पिकत काहीच नव्हते. पिकत होते ते फक्त मीठ, आणि सावकारी. मलबारचे मिरे अरब गलबतांतून तांबड्या समुद्रात जायचे, तिथून उंटांवर आणि नाईलच्या होड्यांत कैरोला, कैरोहून अलेक्झांड्रियाला. तिथे व्हेनिसचे व्यापारी ते मोजून घ्यायचे आणि सगळ्या युरोपला विकायचे. या एका साखळीवर संगमरवरी वाडे उभे राहिले. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला आणि त्याची बातमी व्हेनिसला पोचली, तेव्हा सराफी करणारा जिरोलामो प्रिउली आपल्या रोजनिशीत शहराचे मरणच लिहायला बसला. मिरे लिस्बनला मिळू लागले तर अलेक्झांड्रियाला कोण जाणार, असा त्याचा साधा हिशेब होता.

व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी रडत बसण्याऐवजी कैरोला वकील धाडले. पोर्तुगिजांना हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून हुसका, हे त्यांच्या बोलण्याचे सार. १५०४ मध्ये तर तांबडा समुद्र आणि भूमध्य समुद्र यांच्यामध्ये कालवा खणावा, अशी सूचना सुलतानापुढे मांडायचा विचार तिथल्या ‘दहांच्या मंडळा’त झाला. पुढे ती सूचना वकिलाला दिलेल्या आज्ञेतून गाळली गेली. सुएझचा कालवा प्रत्यक्षात यायला मग साडेतीनशेहून अधिक वर्षे गेली. कालव्यांच्या शहरालाच ही कल्पना सुचावी, यात आश्चर्य नाही.

अमीर हुसेनच्या आरमाराला व्हेनिसने नेमकी किती मदत केली यावर इतिहासकारांचे एकमत नाही. सुतार पाठवले, गोलंदाज पाठवले, लाकूड पोचवले असे आरोप पोर्तुगिजांनी केले. ख्रिस्ती असून मुसलमान सुलतानाला हत्यार दिले हे उघड कबूल करणे व्हेनिसला परवडणारे नव्हते, त्यामुळे कागदावर फार काही सापडत नाही. इच्छा कोणत्या बाजूला होती, याबद्दल मात्र वाद नाही. पुढच्याच वर्षी, ३ फेब्रुवारी १५०९ रोजी, मुलाच्या मृत्यूने पेटलेल्या आल्मेदाने दीवपाशी हे आरमार बुडवले. जाता जाता वाटेत दाभोळ जाळून बेचिराख केले. चौलच्या खाडीतला विजय एका वर्षाचाही ठरला नाही.

आता घाट चढून वर येऊ.

अहमद निजामशहा हा बहमनी वजीर मलिक हसनचा मुलगा. हसनचे घराणे मूळचे पाथरीच्या कुलकर्ण्यांचे. २८ मे १४९० रोजी अहमदने भिंगारजवळ बहमनी फौजेचा धुव्वा उडवला आणि तिथेच स्वतंत्र राज्याची पायाभरणी झाली. जिथे जिंकला तिथे त्याने बाग लावली. म्हणून त्या लढाईला ‘बागेची लढाई’ म्हणतात. चार वर्षांनी, १४९४ मध्ये, त्या बागेशेजारी शहर वसू लागले. दोनेक वर्षांतच ते बगदाद आणि कैरोच्या तोडीचे दिसू लागले, अशी इतिहासकार फिरिश्ताची ग्वाही आहे. फिरिश्ता लहानपणापासून नगरच्या दरबारात वाढला, म्हणून त्याच्या कौतुकातला थोडा भाग घरचा अभिमान म्हणून वजा करावा. तरी कैरोचे नाव त्याच्या लेखणीला सुचले ते उगाच नव्हे. नगरला कैरो दूरचे नव्हते.

कारण चौल. १४६९ मध्ये अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौललाच उतरला होता आणि घाट चढून जुन्नरला गेला होता. पावसाळा त्याने जुन्नरलाच काढला. निजामशाहीचा घाटावरचा मुलूख आणि अरबस्तान यांच्यामध्ये एवढीच वाट होती. १५१६ च्या सुमारास लिहिणारा दुआर्ते बार्बोझा चौलचा बाजार कसा भरतो ते सांगतो. वर्षातले आठेक महिने गाव जवळजवळ रिकामे. डिसेंबर ते मार्च या दिवसांत घाटावरून लमाणांसारखे बैलांचे तांडे यायचे, पाठीवर गोण्या लादलेले. गावाबाहेर त्यांचे तळ पडायचे. तांड्यांनी आणलेला माल म्हणजे गहू, तांदूळ, ज्वारी-बाजरी, तीळ, सुती कापड. परत जाताना ते न्यायचे तांबे, पारा, हिंगूळ आणि घोडे.

ही यादी सहज वाचून पुढे जाऊ नका. तांबे, पारा, हिंगूळ हा माल हिंदुस्थानचा नव्हे. पोर्तुगीज येईपर्यंत युरोपातले तांबे आणि पारा प्रामुख्याने व्हेनिसच्याच गलबतांतून अलेक्झांड्रियाला उतरायचा, आणि तिथून तांबड्या समुद्रातून इकडे. मिऱ्यांच्या बदल्यात युरोपकडे द्यायला फारसे काही नव्हतेच. धातू होते, पोवळी होती आणि सोने होते. खाणीतून निघालेला तो धातू कुठल्या वाटेने कुठे पोचायचा, याचा नगरच्या तांबटाला पत्ता असण्याचे कारण नव्हते. पण त्याच्या हातोड्याखालचे तांबे दोन समुद्र ओलांडून आलेले असणे अगदी शक्य होते.

सोन्याची गोष्ट तर अजून आपल्या घरात आहे. व्हेनिसने १२८४ पासून सोन्याचे डुकॅट नाणे पाडले. वजन साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शंभर नंबरी. एका बाजूला शहराचा प्रमुख, म्हणजे डोज, संत मार्कपुढे गुडघे टेकून ध्वज घेताना; दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबवर्तुळात उभा येशू. पाचशे वर्षांत या नाण्याचे वजन आणि कस जवळजवळ बदललाच नाही, म्हणून ते जगभर डोळे झाकून घेतले जायचे. पश्चिम किनाऱ्यावर ते इतके आले की इथल्या सराफांनी त्याच्या नकला पाडल्या. त्यावरच्या उभ्या मानवी आकृत्यांमुळे आपल्याकडे त्याला पुतळी म्हणू लागले. शिवकालीन नाण्यांच्या याद्यांत होन, मोहरा यांच्याबरोबर पुतळी येते ती हीच. नकला करणाऱ्या सोनाराला डोज ठाऊक नव्हता आणि संत मार्कही. त्याने त्यांचे राम-सीता केले. पुढे लक्ष्मी आली. लग्नात नवरीच्या गळ्यात पडणाऱ्या पुतळ्यांच्या माळेतली प्रत्येक चकती हे मुळात एक परदेशी चलन होते, हे आज सांगूनही खरे वाटत नाही.

दीवनंतर नगरने पोर्तुगिजांशी जुळवून घेतले. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने त्यांना रेवदंड्याला किल्ला बांधायची परवानगी दिली. मोबदल्यात घोड्यांचा व्यापार चालू राहावा ही अपेक्षा होती. समुद्र त्यांचा, मुलूख आमचा, अशी ती वाटणी. नगरच्या बाजूने पाहिले तर त्यात चूक नव्हती. दख्खनच्या लढाया घोड्यांवर व्हायच्या, तारवांवर नाही. तरी मला वाटते, नगरच्या राज्याने आपले दार भाड्याने दिले ते त्या दिवशी.

चेझारे फेदेरिची हा व्हेनिसचा व्यापारी १५६३ मध्ये घर सोडून निघाला आणि अठरा वर्षे पूर्वेकडे फिरला. त्याचे प्रवासवर्णन १५८७ मध्ये व्हेनिसला छापले गेले. चौलबद्दल तो लिहितो की ही खरी दोन गावे आहेत: एक समुद्रालगतचे, तटबंदीचे, पोर्तुगिजांचे, दुसरे थोडे आत, मुसलमानांचे, ज्यांच्या राजाला ‘झामालुको’ म्हणतात. निजाम-उल-मुल्कचे इतके मोडके रूप दुसरीकडे क्वचितच सापडेल. पण झामालुकोचे राज्य आणि त्याची ताकद व्हेनिसच्या वाचकाला सांगावीशी वाटली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

ताकद होती. १५४९ मध्ये नगरला महंमद बिन हुसेन रुमी या तुर्की कारागिराने मुलूखमैदान तोफ ओतली. पंचावन्न टनांची ती तोफ आज विजापूरच्या बुरुजावर आहे. तुर्की मुलखातून आलेल्या ओतकामाच्या विद्येचा तो नगरमधला नमुना. त्याच तुर्कांशी तिकडे व्हेनिसचे पिढ्यान्‌पिढ्या युद्ध चालले होते.

१५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहाने चौलला वेढा घातला. त्याच वेळी आदिलशहाने गोव्याला, आणि कालिकतच्या सामुरीनेही त्यांना साथ द्यायची असा बेत होता. तालिकोटला विजयनगर मोडून फक्त पाच वर्षे झाली होती. एकत्र आलो तर कुणालाही बुडवू, हा विश्वास ताजा होता. वेढा महिनोन्‌महिने चालला. तटाला भगदाडे पडली, गल्लीगल्लीत हातघाई झाली, पण समुद्राकडची बाजू उघडी राहिली. गोव्याहून गलबते दाणागोटा आणि माणसे आणत राहिली. ज्या किल्ल्याला पाठीमागून समुद्र पोसतो तो केवळ जमिनीवरून वेढून पडत नाही. १५७१ च्या मध्याला निजामशहाला माघार घ्यावी लागली, आणि वर्ष संपता संपता तह झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या ७ तारखेला ग्रीसच्या किनाऱ्यावर लेपांतोला ख्रिस्ती आरमाराने तुर्कांना हरवले. त्यातली निम्म्याहून अधिक गलबते व्हेनिसची होती. पण तोवर सायप्रस बेट तुर्कांनी घेतले होते, आणि दोन वर्षांनी व्हेनिसने ते मुकाट्याने सोडून दिले. लेपांतोची चित्रे व्हेनिसच्या भिंतींवर भरपूर रंगली. सायप्रस मात्र परत आले नाही.

चौलच्या पराभवानंतर मुर्तझा शहाने समुद्राकडे पाठ फिरवली आणि नगरला स्वतःचे पाणी आणले. असे म्हणणे जरा सोयीचे आहे हे मान्य, कारण नगरचे पाणी त्याच्याही आधीपासून येत होते. पण त्या पाण्याला शोभा आली ती याच्या काळात, आणि तीही त्याच्यामुळे नव्हे, त्याचा वजीर सलाबतखान याच्यामुळे.

नगर शहर एका खोलगट पठारावर आहे आणि उत्तरेला व पूर्वेला डोंगर. त्या डोंगरांच्या पायथ्याशी झरे. निजामशाहीच्या कारागिरांनी झऱ्यांपाशी विहिरी आणि बंधारे घातले, जमिनीखालून भुयारे नेली आणि पाणी खापरी नळांतून शहरात आणले. भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवायचे, सांधे चुन्याने भरायचे, वरून चुन्याचाच जाड थर द्यायचा. उतार इतका बेताचा की पाणी धावणार नाही आणि थांबणारही नाही. मध्येमध्ये दगडी उच्छ्वास, म्हणजे नळात अडकलेली हवा बाहेर पडावी आणि पाण्याचा जोर आवरावा म्हणून बांधलेले मनोरे. कापूरवाडी, वडगाव, शेंडी, भिंगार, शहापूर, नेप्ती, निमगाव, इमामपूर: आज बसच्या पाट्यांवर वाचायची ही नावे तेव्हा पाण्याच्या नळांची नावे होती. शहरात पाणी आले की ते मशिदींच्या हौदांत जायचे, हमामखान्यांत, बड्यांच्या वाड्यांत आणि रस्त्यावरच्या हौदांत. कुठेही पंप नव्हता, मोट नव्हती. सगळा कारभार उताराच्या भरवशावर.

आणि मग बागा. उत्तरेकडे हश्त बेहश्त, म्हणजे आठ स्वर्गांची बाग. मधोमध अष्टकोनी महाल आणि चहूबाजूंनी तलाव. दक्षिण-पूर्वेला, आज लष्करी हद्दीलगत येणारी फराहबाग. तिथेही तलावाच्या मधोमध दोन मजली अष्टकोनी महाल, पाण्यावरून येणारा वारा दालनांत खेळावा अशी त्याची योजना. फराहबाग आधी चंगीजखान या वजिराच्या काळात सुरू झाली, पुढे न्यामतखानाने बांधली, ती राजाला पसंत पडली नाही, पाडली गेली आणि सलाबतखानाने पुन्हा उभी केली, असे सांगतात. पूर्ण झाली १५८३ मध्ये. शाहजहानला ताजमहालाची कल्पना इथे सुचली अशी कथा नगरात हमखास ऐकायला मिळते. तिला पुरावा काडीचाही नाही. फराहबाग स्वतःच पुरेशी मोठी गोष्ट आहे, तिला आग्र्याचा शेला पांघरायची गरज नाही.

दुष्काळी मुलखात राजाने होडीतून घरी जायचे, ही चैन नव्हे तर काय? पण ती निव्वळ चैनही नव्हती. सलाबतखानाने शहराच्या पूर्वेला भातोडीला तलाव बांधला तो शेतीसाठी. बागेच्या हौदातून सुटलेले पाणी मळ्यांत जायचे. पाणी ज्याच्या हातात त्याच्या हातात राज्य, हे दख्खनमध्ये सांगावे लागत नाही.

व्हेनिसलाही लागत नव्हते. गंमत अशी की समुद्रात बसलेल्या त्या शहरात प्यायला पाणी नव्हते. सरोवर खारे, जमीन चार हात खणली की खारट पाणी वर येणार. म्हणून त्यांनी प्रत्येक चौक खणला, आत चिकणमातीचा अभेद्य थर दिला, वाळू भरली आणि मधोमध विटांची विहीर बांधली. चौकात आणि छपरांवर पडलेला पाऊस फरशीतल्या भोकांतून वाळूत उतरायचा, गाळला जायचा आणि मधल्या विहिरीत साठायचा. एकोणिसाव्या शतकात मोजल्या तेव्हा अशा सहा हजारांहून अधिक विहिरी भरल्या. त्यांवर झाकणे, झाकणांना कुलपे, आणि ठरल्या वेळी घंटा वाजली की पाणी. मोठी भरती आली की खारे पाणी विहिरीत शिरायचे आणि ती काही काळ निकामी व्हायची. पाऊस कमी पडला की मुख्य भूमीवरच्या ब्रेन्टा नदीतून होड्या भरून पाणी आणायचे, आणि ते विकणाऱ्यांचा स्वतंत्र संघ होता. सरोवर गाळाने भरू नये म्हणून नद्यांचे प्रवाह वळवायलाही त्यांनी दोन-तीन शतके घालवली. १५०१ पासून पाण्यासाठी वेगळे अधिकारी नेमलेले होते आणि त्यांचा शब्द शेवटचा मानला जायचा. व्हेनिस सुंदर राहिले याचे श्रेय चित्रकारांना देतात. मी ते या पाण्याच्या अंमलदारांना देईन.

नगरला असा कायमचा अंमल कधी बसला नाही. तिथे पाणी एका माणसाच्या मर्जीवर होते, आणि ती मर्जी एका वेड्या राजाच्या मर्जीवर.

मुर्तझाला ‘दिवाना’ म्हणत. वर्षानुवर्षे तो हश्त बेहश्तच्या पाण्याआड दडून राहिला. दरबाराला दिसेना, वजिरांशी चिठ्ठ्यांवरून बोले. फत्तेशाह नावाच्या एका आवडत्या व्यक्तीवर तो इतका भाळला की तालिकोटच्या लुटीतल्या, विजयनगरच्या रामरायाच्या जवाहिरातल्या माळा देऊ लागला. सलाबतखानाने खऱ्या माळा लपवून खोट्या दिल्या. राजाला कळले तेव्हा त्याने सगळे जवाहीर आगीत टाकले. दिवाना हे नाव तेव्हापासून पडले, असे फिरिश्ता सांगतो. पुढे राजाने सलाबतखानाला कैद करायचे ठरवले तेव्हा लोकांना वाटले, हा बंड करील. फौज त्याच्या बाजूला होती. सलाबतखानाने विचारले, कुठल्या किल्ल्यावर जाऊ? दंडाराजपुरी, असे उत्तर आले. त्याने स्वतःच्या पायात बेडी घालून घेतली, पालखीत बसला आणि निघाला. फिरिश्ता तेव्हा नगरलाच होता, म्हणून या हकिकतीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

सलाबतखान गेल्यावर राजाला सांभाळणारे कुणी उरले नाही. १५८८ मध्ये त्याने आपला मुलगा मिरान हुसेन याच्या खोलीला आग लावून त्याला मारायचा प्रयत्न केला. मुलगा वाचला आणि काही दिवसांनी त्यानेच बापाला हमामात कोंडले, दारे-खिडक्या लावल्या, खाली जाळ घातला. आयुष्यभर गार पाण्याच्या मधोमध राहिलेला राजा वाफेत गुदमरून मेला. त्या दिवशी महालावर पहारा फिरिश्ताच्या हाताखाली होता; मिरान हुसेन आणि तो एकत्र शिकलेले, म्हणून त्याचा जीव वाचला. पुढच्या वर्षी तो विजापूरला गेला आणि तिथे त्याने आपला इतिहास लिहिला. त्याच वर्षी, १५८९ मध्ये, सलाबतखानही गेला. शहराच्या पूर्वेला डोंगरावर त्याची अष्टकोनी, तीन मजली कबर आहे. नगरकर तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांपासून किल्ला वाचवला, म्हणून तिचे नाव जिभेवर बसले हे समजते. पण शहराला पाणी देणाऱ्याची कबरही त्याच्या नावे राहू नये, हे जरा जास्तच झाले.

त्याच्या भातोडीच्या तलावाने मात्र एकदा राज्य वाचवले. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांकडे गेला, तरी निजामशाही मेली नाही. मलिक अंबरने ती आणखी पाव शतक धरून ठेवली. १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजा मिळून चालून आल्या तेव्हा त्यांचा तळ भातोडीपाशी पडला. अंबरने तलावाचा बांध फोडला. पाणी तळात शिरले, काळ्या मातीचा चिखल झाला, तोफा आणि हत्ती रुतले, रसद तुटली. मग रात्रीचे छापे, आणि शेवटी उघडी लढाई. आदिलशाही सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला. निजामशाहीच्या बाजूने लढणाऱ्या भोसले बंधूंपैकी शरीफजी पडले. शहाजीराजांचे नाव गाजू लागले ते इथून. घोड्यांवर लढणाऱ्या दख्खनमध्ये पाण्याने जिंकलेली लढाई विरळाच.

निजामशाही १६३६ मध्ये संपली. चौलचे बंदर त्याआधीच मंदावले होते, आणि सुरत वर आली होती.

व्हेनिसचा आणखी एक माणूस या मुलखाच्या गोष्टीत येतो. निकोलाओ मनुची १६५३ मध्ये, चौदा-पंधरा वर्षांचा असताना, घरातून पळून जहाजात लपला आणि हिंदुस्थानात पोचला. दारा शुकोहच्या तोफखान्यात होता, मग मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत. पुरंदरच्या तहाच्या वेळी शिवाजी महाराजांशी आपली भेट आणि बोलणे झाले असे तो लिहितो. पुढे गोव्याच्या वतीने संभाजी महाराजांकडे वकिलीलाही गेला. त्याने पाहिलेल्या मोगल साम्राज्याचा शेवट नगरलाच झाला. पंचवीस वर्षे दख्खनमध्ये घालवून औरंगजेब १७०७ च्या सुरुवातीला भिंगारला मेला. मनुची तेव्हा मद्रासला होता आणि जे कळेल ते लिहीत होता. त्याचे हस्तलिखित व्हेनिसला पोचले; त्याचा काही भाग आजही तिथल्या मार्चाना ग्रंथालयात आहे.

१२ मे १७९७ रोजी नेपोलियनच्या धाकाने व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने स्वतःला विसर्जित केले. हजार वर्षांहून जुने राज्य एका बैठकीत संपले आणि शेवटच्या डोजने टोपी उतरवली. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी पुण्यात दौलतराव शिंद्यांनी नाना फडणविसांना दगा देऊन पकडले, आणि त्यांची रवानगी झाली नगरच्या किल्ल्यात. १८०३ मध्ये वेल्स्लीने तो किल्ला चार दिवसांत घेतला. व्हेनिसची टांकसाळ आपले नाणे पाडायची थांबली. नगर-पुण्याच्या सोनारांनी पुतळ्या घडवणे चालू ठेवले.

इंग्रजांनी नगरला आल्यावर पहिली कामे केली त्यांत नळांची दुरुस्ती होती. १८५४ मध्ये नगरपालिका झाली आणि जुने नळ तिच्याकडे आले. अनेक कोरडे पडले होते, काहींचे पाणी वाटेतच शेतांत मुरत होते. पण वडगाव, कापूरवाडी, भिंगारचे नळ पाणी देत राहिले. भातोडीचा तलावही इंग्रजांनी नव्याने बांधून घेतला.

व्हेनिसला नळाचे पाणी आले जून १८८४ मध्ये. मुख्य भूमीवरून सरोवराखालून नळ टाकून ते शहरात आणले, चौकात कारंजे उडवले, लोक नाचले. त्याच १८८४ मध्ये मुंबई सरकारने अहमदनगर जिल्ह्याचे गॅझेटियर छापले. त्यात नगरच्या खापरी नळांची गावागावांची नावे घेऊन हकिकत आहे. तीनशे वर्षांचे ते नळ तेव्हाही चालू होते. आज नगर, कागदोपत्री अहिल्यानगर, मुळा धरणाचे पाणी पिते. ते राहुरी तालुक्यातून पंपाने चढवून आणावे लागते, आणि वीज गेली की येत नाही.